थिंक टँकना मतभेदाची मोकळीक आणि जुन्या फाइली द्या

माननीय परराष्ट्रमंत्री, भारत सरकार यांस,

सादर नमस्कार.

मार्च १९७१ च्या अखेरीस, पूर्व पाकिस्तानात लष्करी कारवाई सुरू होऊन आठवडाही उलटला नव्हता तेव्हा, के. सुब्रह्मण्यम यांनी दिल्लीतील एका परिसंवादात पाकिस्तान फुटणे भारताच्या हिताचे आहे आणि अशी संधी पुन्हा येणार नाही, अशी उघड मांडणी केली. ते त्या वेळी सरकारी अनुदानावर चालणाऱ्या ‘आयडीएसए’ या संरक्षणविषयक थिंक टँकचे, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे, संचालक होते. पाकिस्तानने हे वक्तव्य भारताच्या कटाचा पुरावा म्हणून वापरले आणि सरकारची अडचण झाली. तरीही सुब्रह्मण्यम पुढे काही वर्षे त्याच पदावर राहिले. सरकारी पैशावर चालणाऱ्या अभ्याससंस्थेलाही स्वतःचे मत असू शकते, हे तेव्हा मान्य होते, आणि ते आजही मान्य असावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

२०१६ पासून होणाऱ्या ‘रायसीना डायलॉग’मुळे दिल्लीला जगभरचे मंत्री एकत्र आणणारे व्यासपीठ मिळाले, ही मोठीच मिळकत आहे. पण परिषद म्हणजे संशोधन नव्हे. अधिकाऱ्याला पदामुळे जे बोलता येत नाही ते बोलणे, आणि औपचारिक संवाद थांबलेला असताना समोरच्या देशातील जाणत्यांशी बोलत राहणे, हे थिंक टँकचे खरे काम आहे. धोरणाला केवळ दुजोरा देणाऱ्या अहवालातून मंत्रालयाला नवे काय कळणार?

पैशाचा प्रश्नही टाळू नये. परदेशी सरकारे अमेरिकी थिंक टँकना कसा निधी पुरवतात, हे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१४ मध्ये उघड केले होते. आपल्याकडे प्रत्येक संस्थेने आपले देणगीदार, आणि मंत्रालयाने आपली अनुदाने, संकेतस्थळावर सविस्तर मांडावीत.

मात्र सर्वांत मोठी अडचण कागदपत्रांची आहे. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि १९९७ चे नियम यांनुसार पंचवीस वर्षांहून जुने अभिलेख राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाणे अपेक्षित असताना, आपल्याच निर्णयांचा माग काढण्यासाठी अभ्यासकांना अनेकदा लंडन-वॉशिंग्टनमधील दप्तरे धुंडाळावी लागतात. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर भारताच्या वतीने जसवंतसिंह आणि अमेरिकेचे तत्कालीन उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टालबोट यांच्यात झालेल्या वाटाघाटींचे उदाहरण घ्या. दोघांनीही त्यांविषयी पुस्तकांतून लिहिले. पण आठवणी म्हणजे टिपणे नव्हेत, आणि कोणता मुद्दा कोणत्या टप्प्यावर सोडला गेला, हे फाइलीतूनच कळते. सुरक्षेला बाध येईल तेवढा भाग झाकून या वाटाघाटींच्या फाइली प्रथम खुल्या कराव्यात आणि त्यासाठी निश्चित तारीख जाहीर करावी.

आपला नम्र,
एक नागरिक