काविळीत दम्याच्या गोळीचा डोस तपासा

मा. संपादक,

पावसाळ्यात कावीळ पसरली की पाणी उकळून पिण्याचा सल्ला सगळीकडे छापून येतो. थिओफायलिनबद्दल मात्र चकार शब्द नसतो. दमा वा सीओपीडीसाठी (फुप्फुसांचा धाप लावणारा जुनाट आजार) ही श्वासनलिका रुंदावणारी गोळी अनेकजण वर्षानुवर्षं घेतात.

या औषधाचं विघटन मुख्यतः यकृतातच होतं. धूम्रपान न करणाऱ्या निरोगी प्रौढाच्या रक्तातली त्याची पातळी साधारण ८ तासांत निम्मी होते. तीव्र हिपॅटायटिसमध्ये (कावीळ आणणारी यकृताची सूज) त्याला १९ तासांच्या आसपास लागतात. नेहमीचाच डोस चालू ठेवला तर पातळी तीन-चार दिवस चढत राहते. मग मळमळ, उलट्या. घरचे म्हणतात काविळीचंच आहे, आणि गोळी चालूच राहते! पातळी २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेली की धोका वाढतो: धडधड, हातांना कंप, पुढे हृदयाची लय बिघडणं, झटके. वयस्कांना कधी उलटी न होताच थेट झटका येतो.

बिडी ओढणाऱ्याचं गणित आणखी बिघडतं. धुरामुळे यकृत हे औषध झपाट्याने संपवतं, म्हणून त्याला डोस मुळातच जास्त लागतो. काविळीत बिडी नकोशी होते, हे जुनंच लक्षण. एकीकडे यकृत मंदावलेलं, दुसरीकडे धूर बंद. त्यात कुणी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन ही थिओफायलिनचा निचरा मंदावणारी प्रतिजैविकं लिहून दिली तर विचारायलाच नको.

जुनाट हिपॅटायटिसवरच्या इंटरफेरॉन इंजेक्शनचाही असाच परिणाम होतो. १९८७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या छोट्या अभ्यासात हिपॅटायटिस बीचे रुग्ण आणि निरोगी माणसं मिळून नऊजण होते. एकाच इंजेक्शननंतर त्यांतल्या आठजणांत थिओफायलिनचा निचरा ३३ ते ८१ टक्क्यांनी घटला.

तेव्हा डोळे पिवळे दिसताच ही गोळी डॉक्टरांना दाखवावी. उलट्या होत असतील तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय पुढची गोळी घेऊ नये. इनहेलर मात्र आपल्या मनाने थांबवू नये. रक्तातली पातळी तपासताना शेवटची गोळी किती वाजता घेतली ते चिठ्ठीवर लिहावं, नाहीतर आकड्याचा अर्थच लागत नाही. यकृत बिघडलेलं असताना डोस सहसा दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. तो फक्त एसजीपीटी (यकृताची नेहमीची रक्तचाचणी) पाहून ठरवू नये. यकृताची औषध संपवण्याची ताकद त्या आकड्यावरून कळत नाही. कावीळ उतरल्यावर पातळी पुन्हा मोजावी, कारण यकृत सावरलं की हाच कमी केलेला डोस अपुरा पडून धाप परतते.

– औषधशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे