मंगळवारी चिठ्ठी मिळते, गोळी मिळत नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

महोदय, स. न. वि. वि.

आम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात व्यसनोपचाराचं काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक आहोत. तालुका दवाखान्यात दर मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतील, असा शब्द सरकारने मनोचैतन्य योजनेत दिला होता. गेल्या मंगळवारी सीमाभागातल्या एका तालुका दवाखान्यात डॉक्टर आले. दारू सोडून नऊ दिवस झालेल्या रुग्णाला त्यांनी नाल्ट्रेक्सोन, म्हणजे दारूची ओढ कमी करणारी गोळी, लिहून दिली. औषधाच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "ही गोळी आमच्याकडे येत नाही, बाहेरून घ्या." समुपदेशनाच्या खोलीला कुलूप होतं. रुग्ण चिठ्ठी घेऊन घरी गेला. अशा चिठ्ठ्या सीमाभागातल्या घराघरात पडून आहेत, म्हणून हे पत्र.

दारू सोडणं आणि दारूशिवाय राहणं हे दोन वेगळे टप्पे आहेत. आपली यंत्रणा पहिला अर्धवट करते आणि दुसऱ्याकडे बघतही नाही.

आधी पहिला टप्पा. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. आकडी यायची तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडे आषाढीच्या तोंडावर माळ घातली जाते, यल्लम्माच्या डोंगरावर शपथा होतात. निश्चय खरा असतो, पण औषधाची सोय नसते. तिसऱ्या दिवशी माणूस बडबडायला लागला की घरचे बाहेरचं काही लागलं म्हणून देवरुषाकडे नेतात. त्यांना दोष कसा द्यायचा? दारू अचानक सोडल्याने असं होतं, हे त्यांना एकाही सरकारी फलकाने सांगितलेलं नाही.

यावरचा इलाज स्वस्त आणि जुना आहे. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम ही शांत करणारी औषधं देऊन पाच ते सात दिवसांत कमी करत आणायचं. मध्यम त्रासात पहिल्या दिवशी क्लोरडायझेपॉक्साइड २५ मि.ग्रॅ. चार वेळा, तीव्र त्रासात त्याहून जास्त, आणि रुग्णाला दर काही तासांनी तपासायचं. कावीळ असेल, यकृत खराब असेल, तर या गोळ्या अंगात साचतात, म्हणून लोराझेपाम. आणि थायमिन, म्हणजे बी-१, सुईतूनच. पिणाऱ्याच्या आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही, त्यामुळे नुसत्या गोळीवर भागत नाही. आमच्या भागात नेमकं इथे चुकतं. अशक्तपणा दिसला की ग्लुकोजची सलाइन लावतात आणि थायमिन विसरतात. उरलंसुरलं बी-१ साखर जाळण्यात संपतं. मग नजर स्थिर राहत नाही, चालताना तोल जातो, माणूस गोंधळतो. वेळेत मोठ्या मात्रेत थायमिन शिरेतून दिलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. रक्तातली साखर धोक्याइतकी उतरली असेल तर ग्लुकोजला उशीर करू नये, पण थायमिनची सुई त्याच वेळी द्यावी. हे एका कागदावर लिहून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चिकटवायला किती खर्च येतो, महोदय?

आता दुसरा टप्पा. शरीर शांत झाल्यावर रुग्णाला "आता पिऊ नकोस" असं सांगून घरी पाठवतात. मधुमेह्याची साखर एकदा खाली आणून औषध बंद करणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू? मेंदूतली ओढ महिनोन् महिने टिकते. त्यासाठी औषधं आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

नाल्ट्रेक्सोन ५० मि.ग्रॅ. रोज एक. दारूतून मिळणारी झिंग ते बोथट करतं, त्यामुळे पहिल्या पेल्यानंतर दुसऱ्याची ओढ कमी होते. सुरुवातीला मळमळतं, म्हणून काही दिवस अर्धी गोळी, जेवणानंतर. आधी यकृताची तपासणी हवी. त्याहून महत्त्वाचा एक प्रश्न विचारलाच जात नाही : अंगदुखीसाठी ट्रामाडॉल घेतोस का? ही वेदनाशामक गोळी अफूवर्गीय आहे. ती घेत असेल आणि नाल्ट्रेक्सोन दिलं, तर काही मिनिटांत जुलाब, उलट्या, अंग पिळवटणं सुरू होतं. अफूवर्गीय औषध बंद होऊन सात ते दहा दिवस झाल्याशिवाय ही गोळी द्यायची नाही. ऊसतोडीच्या हंगामात फडातल्या माणसांना हे विचारायलाच हवं.

अकॅम्प्रोसेट ३३३ मि.ग्रॅ. दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा. दारू थांबल्यानंतर राहणारी बेचैनी यामुळे कमी होते. यकृत खराब असलेल्यालाही चालतं, पण मूत्रपिंड तपासावं लागतं. साठ किलोपेक्षा कमी वजनाच्या माणसाला दिवसाला चारच गोळ्या, आणि आमचे निम्मे रुग्ण अंगाने असेच असतात. दिवसाला सहा म्हणजे महिन्याला १८० गोळ्या. "दहा दिवसांचं देतो, पुन्हा या" हे धोरण इथे चालतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ही दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

डायसल्फिरामची गोष्ट वेगळी. ही गोळी ओढ कमी करत नाही. तिच्यावर दारू प्यायली तर दारूपासून अंगात बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचतं : तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून ती रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने, घरच्या एखाद्या माणसाच्या देखरेखीखाली द्यायची असते, आणि खोकल्याची औषधं, द्राक्षासव, अशोकारिष्ट यांतही मद्यार्क असतो हे सांगायचं असतं. इकडे मात्र एसटी स्टँडच्या भिंतींवर "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती रंगवलेल्या असतात. पुडीत काय आहे हे कोणी तपासत नाही. त्यात डायसल्फिराम असेल, तर बायको नवऱ्याच्या आमटीत नकळत विष कालवते आहे. महोदय, या बाईला सरकारी दवाखान्यात खरी गोळी आणि दोन शब्द मिळाले असते तर ती त्या पुडीकडे वळली नसती.

दोन शब्द म्हणजे उपदेश नव्हे. गोळी ओढ कमी करते. पगाराच्या दिवशी उद्यमबागेतल्या कारखान्यातून घरी येताना कुठल्या रस्त्याने यायचं, मित्राने ग्लास पुढे केला तर काय म्हणायचं, घसरल्यावर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात परत कसं यायचं, हे समुपदेशनात ठरतं. एकाशिवाय दुसरं लंगडं. आणि यासाठी मोठे पदवीधरच हवेत असं नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी हानिकारक पिणाऱ्या पुरुषांबरोबर जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले. नेहमीच्या सेवेत हे प्रमाण २६ टक्के होतं. ती माणसं अजून पूर्ण व्यसनात गेलेली नव्हती, त्यामुळे नुसत्या बोलण्याने काम भागलं. पूर्ण व्यसन जडलेल्याला गोळी आणि बोलणं, दोन्ही लागतं. गोव्यात जमलं ते खानापुरात का जमू नये?

अफूवर्गीय व्यसनाबद्दल तर सरकार बोलायलाच तयार नाही. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध यांत अडकलेल्या पोरांना दहा दिवस कोंडून "शुद्ध" करून सोडतात. हे सर्वांत धोक्याचं. दहा दिवसांत शरीराची सवय उतरते. पोरगा बाहेर येऊन जुनीच मात्रा घेतो आणि श्वास थांबतो. यावरचं खात्रीचं औषध ब्युप्रेनॉर्फिन, बहुधा नॅलॉक्सोन या अफूवर्गीय औषधावरच्या उताऱ्याबरोबर ४:१ या प्रमाणात, जिभेखाली. गिळली तर गोळी फुकट जाते; विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. शेवटचं व्यसन घेऊन बारा तास उलटल्यावर, जांभया, नाक गळणं, काटा येणं अशी लक्षणं स्पष्ट दिसल्यावरच पहिली दोन-चार मि.ग्रॅ. द्यायची. घाई केली तर गोळीच त्रास पेटवते आणि रुग्ण पुन्हा येत नाही. पुढे काहींना रोज सहा मि.ग्रॅ. पुरतात, काहींना सोळा लागतात, आणि हे महिने-वर्षं चालतं. अशा उपचारावर असेपर्यंत मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. "एक नशा सोडवून दुसरी लावता" असं आम्हाला अधिकारी ऐकवतात. या औषधाचा परिणाम एका मर्यादेपुढे वाढत नाही, माणूस कामावर जातो, घर चालवतो. पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून हेच सुरू केलं. केंद्राच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ब्युप्रेनॉर्फिन आहे. निपाणीच्या पोराने ते कुठून घ्यायचं?

धारवाडला जा, बेंगळुरूला जा, असं सांगितलं जातं. बेळगावहून बेंगळुरू पाचशे किलोमीटर आहे. धारवाड त्यामानाने जवळ, पण दर आठवड्याला रोजंदारी बुडवून कोण जाईल? लोक मग मिरज-कोल्हापूरच्या खासगी केंद्रांत दागिने मोडून जातात.

हे आम्ही दया म्हणून मागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित आजार मानसिक आजारांत धरले आहेत. त्याच कायद्याचं कलम १८ सांगतं, की अत्यावश्यक यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात सदैव मोफत मिळाली पाहिजेत. सदैव, असं कायदा म्हणतो. आणि संमती घेताना रुग्णाला त्याला समजणाऱ्या भाषेत माहिती द्यावी, हीसुद्धा त्याच कायद्याची अट आहे. डायसल्फिरामची जोखीम खानापूरच्या मराठी शेतकऱ्याला फक्त कन्नड कागदावर सही घेऊन कळत नाही. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. गोळीची सूचना मराठीत छापायला त्याची वाट बघायचं कारण नाही. कन्नड रुग्णाला कन्नडमध्ये, उर्दू बोलणाऱ्याला उर्दूत, हेच आमचं म्हणणं आहे.

आणि पैसे नाहीत हे आम्ही ऐकून घेणार नाही. २०२५-२६ साठी याच राज्याने अबकारी उत्पन्नाचं उद्दिष्ट ४०,००० कोटी रुपये ठरवलं. सरकारच्या मालकीची कंपनी दारूची दुकानं चालवते. २००७ मध्ये सारायी, म्हणजे अरॅक ही स्वस्त दारू, बंद केली, म्हणजे या प्रश्नाची जाण सरकारला होती. केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. उरलेले ३७ बाटलीवरचा कर भरत मरतात, त्यांच्या विधवा पेन्शनसाठी तहसीलदाराच्या दारात उभ्या राहतात, पोरं शाळा सोडून वीटभट्टीवर जातात. बाटली प्रत्येक गावात पोचवणाऱ्या व्यवस्थेला गोळी तालुक्यापर्यंत पोचवता येत नाही, यावर आमचा विश्वास बसत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा नमुना देशाला १९८० च्या दशकात बळ्ळारीने, म्हणजे याच राज्याने दिला होता. त्याची ही अवस्था व्हावी याचा आम्हाला संताप येतो.

आमची मागणी मोजकी आहे. प्रत्येक तालुका दवाखान्यात नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम, क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम आणि थायमिनची सुई यांचा तीन महिन्यांचा साठा ठेवा. एका रुग्णाला नाल्ट्रेक्सोनच्या ९० गोळ्या लागतात, त्या हिशेबाने. यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी तिथेच, त्याच दिवशी व्हावी. बेळगाव, चिकोडी आणि अथणी येथे ब्युप्रेनॉर्फिन देणारी बाह्यरुग्ण केंद्रं आणि आपत्कालीन विभागात नॅलॉक्सोनची सुई. प्रत्येक ठिकाणी मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा एक समुपदेशक, कायम पगारावर. आणि भिंतीवरच्या त्या पुड्यांची औषध निरीक्षकाकडून तपासणी.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावात सुवर्ण विधानसौधात येता. या वेळी येताना जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुका दवाखान्याची औषधांची साठा नोंदवही मागवून घ्या आणि या सहा औषधांपुढचे आकडे सभागृहात वाचून दाखवा.

आपले,
बेळगाव सीमाभागात व्यसनोपचाराचे काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक