भंगारात देण्याआधी एकदा हार्ड डिस्क बदलून पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या गणपती आळीतून भंगाराचा टेम्पो गेला. मागे आठ-दहा सीपीयू एकावर एक रचलेले, आणि प्रत्येकावर शाळेचं नाव नि नोंद क्रमांक लिहिलेलं स्टिकर तसंच. मी टेम्पो थांबवून विचारलं. ‘स्लो झालेत म्हणून काढलेत,’ एवढंच ड्रायव्हरला माहीत होतं. एका सीपीयूचा बाजूचा पत्रा निघालेला होता आणि आत हार्ड डिस्क जागच्या जागी होती. ते दृश्य काही डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून हे पत्र.

मी वाईत १९९९ पासून डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. माझं मुख्य मशिन २०१४ सालचं आहे: चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज सात घेऊन आलं, पुढे त्यावर दहा आलं. मागच्या वर्षी त्याची अशी अवस्था झाली की सकाळी बटण दाबायचं, दुकान झाडायचं, उदबत्ती लावायची, तरी पडद्यावर गोल फिरतंच आहे. घड्याळ लावून मोजलं, पहिली फाईल उघडेपर्यंत सहा मिनिटं. एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं पत्रा उघडलासुद्धा नाही. ‘ताई, यात आता जीव नाही. नवीन घ्या.’

नवीन घेणं एक वेळ जमलं असतं. पण माझी वीस वर्षांची कामं पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, आणि तीही युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारखं दिसणाऱ्या आजच्या मराठी अक्षरांच्या, आधीच्या फॉन्टमध्ये. ते फॉन्ट, त्यांचा कीबोर्ड, यूएसबीला लावायचं लॉक (ते असल्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत), सगळं या एका मशिनवर बसलेलं. सीडी कधीच खराब झाल्या. दुसऱ्या संगणकावर तीच फाईल उघडली की ‘चि. सौ. कां.’च्या जागी नुसती चौकोनं आणि इंग्रजी चिन्हं दिसतात. माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, हे दुखणं घरोघरी आहे. म्हणून मला नवं मशिन नको होतं. हेच मशिन, जसंच्या तसं, चालतं हवं होतं.

पुण्याला डिप्लोमा करणाऱ्या माझ्या भाच्यानं फोनवरच टास्क मॅनेजर, म्हणजे मशिनच्या कुठल्या भागावर किती भार आहे ते दाखवणारी खिडकी, उघडायला सांगितला. प्रोसेसर आठ-दहा टक्के, डिस्क मात्र शंभर टक्के. म्हणजे बाकीचं मशिन हात बांधून डिस्कची वाट बघत बसलेलं. हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ७,२०० वेळा फिरतात आणि एक बारीक दांडी त्यांच्यावरून पुढेमागे सरकत माहिती उचलते. मोठी फाईल सलग वाचायची असेल तर ती बऱ्यापैकी पळते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो बारीक फाइली लागतात, आणि त्या इकडेतिकडे विखुरलेल्या. दर वेळी नवी जागा गाठायला आठ-दहा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला शंभरेक जागा झाल्या की दांडी दमली. माझे बाबा कंपोझिटर, म्हणजे छापखान्यात अक्षरं जुळवणारे, होते. त्यांचा हात फार चपळ, तरी प्रत्येक खिळ्यासाठी, म्हणजे शिशाच्या अक्षरासाठी, केसमधल्या (खणांच्या पेटीतल्या) त्या त्या घरापर्यंत हात न्यावाच लागायचा. एसएसडीत, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या चिपांच्या डिस्कमध्ये, हा हातच न्यावा लागत नाही. आत फिरणारं काही नसतं, आणि कुठलीही जागा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात सापडते.

२४० जीबीची एसएसडी आणि ती यूएसबीला जोडायची केबल मिळून मला १,९०० रुपये पडले. आता डिस्क ५०० ची आणि एसएसडी २४० ची, त्यातही पडद्यावर दिसते २२३. म्हणून आधी डी ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढल्या आणि फक्त सी, म्हणजे विंडोज असलेला भाग, न्यायचा ठरवला. एसएसडीच्या कंपनीचंच क्लोनिंगचं, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल करायचं, सॉफ्टवेअर मिळालं. सव्वा तास लागला. मशिन बंद करून पत्रा काढला, तर आत धूळ आणि झेरॉक्सचा टोनर मिळून करडा नमदा झालेला. रंगाच्या ब्रशनं तो हळूहळू काढला, हार्ड डिस्कची केबल सोडवून एसएसडीला लावली आणि बटण दाबलं. काळा पडदा, वर एक पांढरी ओळ. बूट व्हायला, म्हणजे सुरू व्हायला, काही सापडत नाही म्हणे.

माझे हातपाय गार पडले. दुसऱ्या दिवशी एका लग्नाच्या पत्रिका छापायला जायच्या होत्या. भाच्यानं शांतपणे विचारलं, ‘मावशी, सीच्या आधीचा छोटा भाग घेतलास का?’ घेतला नव्हता. माझ्या डिस्कवर सुरुवातीलाच १०० एमबीचा एक भाग होता, माय कॉम्प्युटरमध्ये न दिसणारा. विंडोज कुठून सुरू करायचं हे त्यात लिहिलेलं असतं. जुनी डिस्क मी पुसली नव्हती म्हणून निभावलं. ती परत लावली, दोन्ही भाग मिळून पुन्हा क्लोन केलं, आणि नवी पहिल्यांदा सुरू करताना जुनीची केबल काढूनच ठेवली, कारण दोन्ही जुळ्या डिस्क एकदम दिसल्या की विंडोजचा गोंधळ होतो. या वेळी बावीस सेकंदांत डेस्कटॉप आला. वॉलपेपर तोच, आयकॉन त्याच जागी. पेजमेकर उघडला, लॉकनं ओळख दिली, आणि पत्रिकेतलं ‘श्री गजानन प्रसन्न’ जसं होतं तसं समोर आलं. मला रडू आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. जुनी डिस्क महिनाभर ड्रॉवरमध्ये तशीच ठेवली होती. ज्यांना हे करायचं आहे त्यांनीही तेवढा धीर धरावा.

एसएसडीनं सगळंच भागतं असं मी म्हणत नाही. विंडोज दहाचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्यासारख्या घरगुती वापरणाऱ्यांना नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवले होते. विंडोज अकरासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, तो माझ्याकडे नाही. म्हणून मी या मशिनचं इंटरनेट काढून टाकलं आहे. बँकेचं आणि ईमेलचं काम दुसऱ्यावर करते. शाळेला माझ्यासारखी जुन्या फॉन्टची अडचण नसते. तिथे एसएसडीवर विंडोजऐवजी सरळ लिनक्स आणि लिब्रेऑफिस हे ऑफिसचं सॉफ्टवेअर (दोन्ही फुकट) टाकलं तर मुलांचं मराठी टायपिंग, हिशेबाचे तक्ते, सगळं शिकवून होईल.

निर्लेखनाचा, म्हणजे जुनी वस्तू वापरातून काढायचा, कागद तयार करताना ‘संथ चालतो’ एवढं कारण कुणी पुरेसं मानू नये. एका मशिनचा पत्रा उघडावा, एक एसएसडी लावून बघावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत मोडून धातू काढणाऱ्यांबरोबरच जुनं यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांचीही नोंदणी आहे, ती काही उगाच नाही. आणि द्यायचंच असेल तर निदान डिस्क तरी काढून घ्या. त्यांच्यावर मुलांचे दाखले असतील, आधारच्या प्रती असतील, पालकांचे फोन नंबर असतील. ते सगळं उघड्या टेम्पोतून गावभर फिरत होतं. बाबांचा छापखाना बंद झाला तेव्हा त्यांचे खिळे शिशाच्या भावानं किलोवर गेले. त्या वेळी निदान त्यांचा उपयोग संपलेला होता. या संगणकांचा संपलेला नाही.

रविवारी माझं दुकान बंद असतं. वाई तालुक्यातल्या कुठल्याही शाळेनं किंवा वाचनालयानं एक मशिन आणि एक एसएसडी घेऊन यावं. मी समोर बसवून, काही न घेता करून देईन, आणि सोबत आलेल्या शिक्षकांना दाखवीनही. येताना त्या मशिनमधल्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून आणा, एवढीच अट.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक, वाई (जि. सातारा)
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)