गुरुवारी फ्रीज येतोय

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

गुरुवारी दुपारी दोघं जण नवा फ्रीज घेऊन वाईला येतील. बाबा, त्यांना दारातून परत पाठवू नका. पैसे दिलेत. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. शिवाय यंदा दिवाळीला आले नाही, तो प्रवासखर्च वाचलाच होता ना? आणि याचा भाजीचा कप्पा वर आहे, आईला वाकावं लागणार नाही.

खरं कारण स्ट्रॉबेरी. मागच्या रविवारी डबा उघडला तर खालच्या थरावर राखाडी लव. तुम्ही म्हणालात, "तेवढं कापलं की झालं." नंतर दोन दिवस पोट कुणाचं बिघडलं, ते मला शेजारच्या काकूंकडून कळलं. मऊ फळात बुरशी दिसते त्याहून आत गेलेली असते. ते फळ टाकायचंच, शेजारची नीट बघायची.

पसरणी घाटाच्या पायथ्याशी बॉक्स घेताना तळ बघा. ओला डाग असला तर नको. देठापाशी पांढरी राहिलेली घरी येऊन पिकत नाही, आंब्यासारखी अढी चालत नाही तिला.

आई, आणल्याआणल्या सगळी धुतेस, पण ती मेथी नव्हे! ओली ठेवली की कुजते. खाण्याआधी धू, देठासकट, म्हणजे आत पाणी शिरत नाही. धुऊनच ठेवायची असेल तर एक वाटी पांढरं व्हिनेगर, तीन वाट्या पाणी, पाचेक मिनिटं. मग साध्या पाण्यातून काढून जुन्या धोतराच्या फडक्यावर अगदी कोरडी कर. पसरट डब्यात टिश्यू पेपर घाल, वर्तमानपत्र नको. एकच थर, झाकण किंचित उघडं. दोन-तीन दिवसांत संपवा. बाबा, वरून साखर पेरायची नाही.

तुला मी धुणं शिकवतेय, हसशील. करवंदं धुवायला बसवताना माझ्या हातांना तेल चोळायचीस, चीक लागू नये म्हणून. मी एक धुवायची, दोन खायची. तू पाठ करून भाकऱ्या थापायचीस, मुद्दामच.

बाबा, 2010 साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाचं कात्रण अजून जुन्या फ्रीजवर आहे. ओल्या फडक्याने नका ओढू, फाटेल. मी शनिवारी येतेय, पण फ्रीज आधीच जाईल, म्हणून आईला काढू द्या, तिचा हात हलका आहे. बुधवारी रात्री जुना बंद करा, खाली पोतं घाला. आणि एकट्याने ढकलायचा नाही.

तुमची,
छोटी