आमच्या बावीस मुलांना ऑपेरापर्यंत नेणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

शाळेत तुमचा छोटासा सत्कार करायचं आम्ही ठरवलं, तर तुम्ही साफ नको म्हणालात. "शाल-नारळ कशाला? पोरांना अभ्यास करू द्या," एवढं बोलून फोन ठेवलात आणि त्याच आठवड्यात लेकीकडे पुण्याला गेलात. म्हणून हे पत्र उघड लिहितेय. तुमचं नाव त्यात घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या बावीस घरांत ते ठाऊक आहे.

सुरुवात कशी झाली ते तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नव्हतं. नववीतल्या एका मुलीनं मोबाइलवर कुठलीशी चित्रफीत बघितली होती. तासाला तिनं विचारलं, "मॅडम, ऑपेरा म्हणजे काय ओ?" मी सांगितलं, "पाश्चात्त्यांचं संगीत नाटक," आणि पुढच्या रागाकडे वळले. संध्याकाळी वाचनालयात हे तुम्हाला सहज बोलून दाखवलं. तुम्ही वर्तमानपत्राची घडी केलीत आणि म्हणालात, "एका ओळीत नाही बसायचं ते. दाखवू या त्यांना." मला वाटलं, बोलायची गोष्ट. तुम्ही मात्र चौथ्या दिवशी वही घेऊन शाळेत हजर.

त्या वहीबद्दल मला लिहायचंच आहे. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. डाव्या पानावर इटालियन शब्द देवनागरीत, उजव्या पानावर मराठी अर्थ. इटालियन संगीतकार पुच्चीनीच्या 'ला बोएम' या ऑपेराचे चारही अंक तुम्ही असे उतरवलेत. खाडाखोड झाली तिथं वरून कागद चिकटवून पुन्हा लिहिलंत. मुंबईत बँकेत नोकरीला असताना चोर बाजारातून जुन्या तबकड्या आणून तुम्ही हे सगळं ऐकत होतात, हे मला तेव्हा कळलं. एवढी मेहनत कशासाठी, असं मी विचारलं, कारण पडद्यावर खाली इंग्रजी ओळी येणारच होत्या. तुमचं उत्तर मी विसरणार नाही. "ओळी पकडायला गेलं की चेहरे निसटतात, बाई. पोरांनी चेहरे बघायला पाहिजेत. अर्थ त्यांनी घरूनच घेऊन जायचा."

मुलांना झेपेल असं करायचं म्हणून मी त्यांना नेहमी थोडं कापूनच देत आले. तुम्ही एक ओळ कापली नाहीत, स्वतः दोन महिने राबलात आणि ते अख्खंच्या अख्खं त्यांच्या हातात दिलंत. आभार मानायचे आहेत ते सगळ्यात आधी याचे.

आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. त्यांचं मराठी ऐकून बाहेरची माणसं हसतात. ते त्या मुलांना कळतं आणि मग ती वर्गात गप्प बसतात. पहिल्याच दिवशी तुम्ही फळ्यावर लिहिलंत, 'के जेलिदा मानिना', आणि विचारलंत, "यात काय दिसतं?" कुणी बोलेना. मग तुम्ही सांगितलंत की प्रत्येक शब्द स्वरावर संपतो, इटालियनमध्ये बहुतेक शब्द असेच असतात, आणि तेलुगूतही. म्हणून तर तेलुगूला 'पूर्वेची इटालियन' म्हणतात. गाणाऱ्याला शेवटी तोंड उघडं ठेवता येतं, सूर लांबवता येतो. मागच्या बाकावरची, वर्षभर न बोललेली एक मुलगी उठली आणि तुमच्या मराठी ओळीखाली, 'किती गारठलाय हा हात' याच्या खाली, तिनं आपल्या अम्मासाठी लिहिलं, 'एंत चल्लगा उंदी ई चेय्यि'. वहीच्या उजव्या पानावर तेव्हापासून दोन भाषा आल्या. ती मुलगी आता वर्गात सगळ्यात आधी गाते, काका.

त्या ओळीचा प्रसंगही तुम्ही नुसता सांगितला नाहीत. खिडक्या लावून घेतल्यात, दिवा मालवलात आणि शाळेच्या कपाटाची किल्ली बाकाखाली टाकलीत. पॅरिस, १८३० च्या आसपासचा काळ, नाताळची आदली रात्र. वरच्या खोलीत राहणारा गरीब कवी रोदोल्फो. शेजारच्या खोलीतली मिमी विझलेली मेणबत्ती पेटवून घ्यायला येते, तिची किल्ली पडते, अंधारात दोघं चाचपडत शोधतात आणि हाताला हात लागतो. दोन मुलं जमिनीवर चाचपडत होती आणि बाकीची वीस श्वास रोखून बसली होती. किल्ली सापडली तरी कुणाला दिवा लावायची घाई नव्हती.

मग पालक. बऱ्याच जणांचे वडील यंत्रमागावर आणि आया बिड्या वळणाऱ्या. पोरीला रात्रीच्या गाडीनं मुंबईला, तेही गाणं बघायला? मी दोन घरांतून नकार घेऊन परत आले होते. तुम्ही एकेका घरी गेलात. एका कारखान्यात माग चालू होते, खटखटाटात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. तिथं तुम्ही एका वडिलांना सांगितलंत, "ऑपेरा या शब्दाचा इटालियनमध्ये अर्थच 'काम' असा आहे. शेकडो माणसांनी मिळून केलेलं काम. तुमचंच क्षेत्र हे." त्यांनी विचारलं, माइक नसतो म्हणता, मग मागच्याला ऐकू कसं येतं? तुम्ही समोरच्या मागावर टॉवेल बदलणाऱ्या बाईंकडे बोट दाखवलंत. त्या पलीकडच्या टोकाला असलेल्या बाईंशी बोलत होत्या, न ओरडता, बारीक आणि टोकदार आवाजात. "असंच," तुम्ही म्हणालात. वाद्यमेळाचा जोर खालच्या पट्ट्यात जास्त असतो. गायक आपल्या आवाजाची धार ३,००० हर्ट्झच्या आसपास आणतात, तिथं वाद्यं विरळ होतात आणि आवाज त्या फटीतून थेट मागच्या रांगेपर्यंत जातो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३,८०० खुर्च्या आहेत, तिथंही माइकशिवाय गातात. ते गृहस्थ एवढंच म्हणाले, "न्या पोरीला." मी संगीताची शिक्षिका, पण सप्तकातली जागा शोधणं म्हणजे काय, हे मला त्या कारखान्यात नव्यानं कळलं.

प्रवासाचं फार लिहीत नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेस, डबाभर शेंगाचटणीचा वास, कडक भाकऱ्या, झोप कुणालाच नाही. पण जिथं राहायचं ठरलं होतं त्यांनी निघायच्या दिवशी दुपारी फोन करून जागा नाही म्हणून कळवलं, तेव्हा माझे हातपाय गळाले होते. बावीस मुलं, त्यात चौदा मुली. तुम्ही माझ्यादेखत तुमच्या गिरगावातल्या जुन्या शेजाऱ्यांना फोन लावलात. सकाळी चाळीतल्या तीन घरांनी पाणी तापवून ठेवलं होतं. मुलींनी पाळीपाळीनं आंघोळी केल्या, मुलांनी गॅलरीत रांग लावून पोहे खाल्ले. एका आजींनी चौदा वेण्या घातल्या. त्या आजींना आणि त्या तिन्ही घरांना माझा नमस्कार कळवा.

तिथून चालत तुम्ही मुलांना रॉयल ऑपेरा हाऊससमोर नेलंत. बस थांब्याला ज्याचं नाव आहे ती इमारत खरोखर उभी आहे, याचंच मुलांना नवल. १९११ साली राजा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, इथं परदेशी मंडळ्यांचे ऑपेरे झाले, पुढे बालगंधर्वांची संगीत नाटकं झाली, मग सिनेमे, मग १९९३ ला दारं बंद. डागडुजी होऊन २०१६ ला पुन्हा उघडली. फुटपाथवर उभं राहून तुम्ही सांगितलंत की किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' १८८० चं आणि 'ला बोएम' तुरीन शहरात पहिल्यांदा झालं १ फेब्रुवारी १८९६ ला. म्हणजे आपली संगीत नाटकं ऐन बहरात होती तेव्हा. फरक एवढाच की आपण बोलतो आणि मग गातो, ते लोक 'थंडी वाजतेय' हेसुद्धा गाऊनच सांगतात.

नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात गेलो आणि मुलांना कळलं की गायक समोर नसणार, न्यूयॉर्कचा प्रयोग मोठ्या पडद्यावर दाखवणार. दोघांतिघांचे चेहरे उतरले. "मग सिनेमाच की ओ." मलाही ओशाळल्यासारखं झालं. तुम्ही त्यांची समजूत घातली नाहीत, खोटी आशाही दाखवली नाहीत. "हो, पडदा आहे. समोरचं गाणं अंगावर येतं तसं हे येणार नाही. पण रंगमंचावरची माणसं आज जेवढी जवळून दिसतील तेवढी तिथल्या पहिल्या रांगेलाही दिसत नाहीत. हात बघा त्यांचे." मुलं खरंच हात बघत राहिली.

दुसरा अंक उघडला आणि आमच्या रांगेतून एकदम आवाज फुटला, "गड्डा!" दिग्दर्शक फ्रांको झेफिरेल्लीनं उभा केलेला तो नाताळचा बाजार, दोन मजली रस्ता, फेरीवाले, घोडा, गाढव, आणि खेळणीवाल्या पार्पिन्योलच्या मागे धावणारी पोरं. गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वरांची यात्रा, तिच्यात वाढलेल्या मुलांना ते सांगावं लागलं नाही. आजूबाजूच्यांनी वळून बघितलं, मी गप्प करायला हात उचलला, तर तुम्ही माझा हात खाली केलात.

चौथ्या अंकात मात्र कुणी हललं नाही. मिमीला क्षय झालाय. हात गरम राहावेत म्हणून तिला फरची हातमोज्यासारखी नळी हवी आहे, आणि खोलीत कुणाकडे पैसा नाही. त्यांची मैत्रीण मुझेत्ता कानातले काढून विकायला देते. रोदोल्फोचा मित्र कोलीन आपल्या जुन्या कोटाचा निरोप घेतो आणि तो गहाण टाकायला नेतो. माझ्या शेजारचा मुलगा पुटपुटला, "आमच्या अम्मानं पण असंच झुमके मोडले होते, आज्जीच्या वेळी." त्याची आज्जी बिड्या वळायची, सूप मांडीवर घेऊन, चाळीस वर्षं. तिलाही हाच आजार होता. मिमी गेली तेव्हा रोदोल्फोला ते सगळ्यांच्या नंतर कळतं. तो इतरांचे चेहरे बघतो आणि मग समजतो. चेहरे बघा, असं तुम्ही का म्हणत होतात, ते मला त्या क्षणी उमगलं.

दिवे लागले तरी ती मागच्या बाकावरची मुलगी उठेना. तुम्ही तिच्याशेजारी जाऊन बसलात. ती म्हणाली, "काका, कुणी एक चादर तरी द्यायची होती तिला. आपल्याकडची." तुम्ही काही बोलला नाहीत. चष्मा काढून पुसत राहिलात. मी दोन रांगा मागे उभी होते आणि माझं कारण निराळं होतं. माझी मावशी क्षयानं गेली, मी सातवीत असताना. घरात तिच्याविषयी कुणी बोलायचं नाही. रोग लपवायची गोष्ट होती. परतीच्या गाडीत तुम्ही मुलांना सांगितलंत की मिमीच्या काळी हा आजार कशानं होतो हेच कुणाला माहीत नव्हतं, जर्मन डॉक्टर कॉखला तो जंतू सापडला १८८२ ला आणि पहिलं खरं औषध आलं १९४० च्या दशकात. आता सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, साधारण सहा महिने न चुकता घेतल्या तर बहुतेक माणसं बरी होतात. मग त्या मुलानं आज्जीविषयी सगळ्यांसमोर सांगितलं. आणि दौंड मागे पडल्यावर, बऱ्याच उशिरा, मी मावशीविषयी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे ते मला सुचत नाही, नुसतं कळवते.

वही अजून माझ्याकडे आहे. पुन्हा पुन्हा हाताळून तिच्या कडा झिजल्यात आणि तिसऱ्या अंकाच्या पानावर चटणीचं बोट उठलंय, त्याची माफी असावी. मागच्या कोऱ्या पानांवर मुलांनी आपल्या घरातली गाणी लिहायला घेतलीत, तेलुगू, कानडी, दोन दखनी, जात्यावरच्या ओव्या. अर्थ उजव्या पानावर, तुमच्यासारखाच.

आणि एक सांगायचं राहिलं. गड्ड्याला आम्ही सगळे गेलो होतो. होम मैदानाच्या कडेला एक खेळणीवाला पिपाण्या आणि लाकडी घोडे घेऊन उभा होता. आमची बावीस पोरं त्याला घेरून एका सुरात ओरडली, "पार्पिन्योल! पार्पिन्योल!" तो आधी बावरला, मग हसला आणि त्यानं सगळ्यात मोठी पिपाणी दहा रुपयांना दिली. ती तुमच्यासाठी ठेवलीय. पुण्याहून आलात की शाळेत येऊन घेऊन जा.

तुमची नम्र,
शाळेतल्या संगीताच्या बाई
सोलापूर