पाटीवर नाव नसलेल्यांचे आभार

समुद्रकिनाऱ्यावरच्या दालनात सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते, खाऱ्या वाऱ्यात धड राहिली, ती तुमच्यामुळे.

सर्वात आधी चौकटी करणारे सुतारदादा. दशावतारी संच म्हणजे पत्त्यांचे 10 रंग, म्हणजे गट, प्रत्येकी 12, एकूण 120 गोल पानं. काच पानाला टेकली की दमट हवेत लाखेचा थर तिला चिकटतो आणि काढताना रंगासकट सुटतो. तुम्ही प्रत्येक चौकटीत काचेखाली 5 मिलिमीटरची पट्टी घातलीत, भिंतीपासून बोटभर फट सोडलीत, लोखंडी खिळे टाळून पितळी स्क्रू लावलेत. किती किचकट काम ते! मत्स्याच्या राजाच्या पानावरची केसाएवढी सोनेरी रेघ आजही अखंड आहे.

ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये तापवून, गार करून परत ठेवणाऱ्या ताई, तुम्ही एकही दिवस चुकवला नाहीत. पानांमधल्या चिंचोक्याच्या खळीला दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

आणि सफाईवाल्या मावशी! कोरड्या फडक्यानं काचेवरचा खार घासला तर चरे पडतात. आधी ओलं, पिळलेलं फडकं, मग सुकं, हा क्रम तुम्ही रोज पाळलात.

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार.