चुळबुळ पायांत, कारण मेंदूत

संपादक महोदय,

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत आतून काहीतरी सरपटते, पाय हलवल्यावाचून राहवत नाही. उठून चार पावले चालले की थांबते, आडवे झाले की पुन्हा सुरू. या त्रासाची, म्हणजे ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ची, अनेकदा ‘मनाचे खेळ’ म्हणून बोळवण होते, याची खंत वाटते.

मुळात बिघाड बहुधा मेंदूत असतो. डोपामिन हे मेंदूतले निरोप पोहोचवणारे रसायन. ते बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लोह लागते. मेंदूच्या सबस्टान्शिया नायग्रा या भागात लोह कमी पडले की डोपामिनचे गणित बिघडते. हिमोग्लोबिन १३ असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, २० (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) इतके कमी निघू शकते. म्हणून फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून लोह वाहणारे प्रथिन लोहाने किती टक्के भरले आहे ते), दोन्ही तपासावे. रक्त सकाळी उपाशीपोटी द्यावे. फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. मनाने मात्र घेऊ नयेत, जादा लोह यकृतात साठते.

उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड डोपामिन अडवते, त्याने त्रास वाढतो. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनीही वाढतो. प्रामिपेक्सोल हे डोपामिनसारखे काम करणारे औषध या त्रासावर सुरुवातीला छान लागू पडते. पण दीर्घकाळ घेतल्यावर चुळबुळ दुपारीच सुरू होऊ लागली, हातांत पसरली, तर डोस वाढवू नये, एकदम बंदही करू नये. लगेच डॉक्टरांना सांगावे.

— एक वाचक